नाताळच्या आधीचे चार रविवार : पहिल्यांदा आगमनकाळ पाळणाऱ्यांसाठी

डिसेंबर उजाडायच्या आतच दुकानांत नाताळ लागतो. चर्चमध्ये तो २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत लागत नाही. तोवर चालू असतो आगमनकाळ, आणि त्याचा रंग लाल-हिरवा नसून जांभळा असतो. बरीच वर्षं चर्चची पायरी न चढलेले, लग्न करून ख्रिस्ती घरात आलेले, नुकताच बाप्तिस्मा झालेले किंवा त्याची तयारी करणारे, अशा मंडळींची इथे हटकून गडबड होते. बाहेर चांदण्या लटकताहेत, कॅरोलची तालीम चाललीय, आणि आत फादर सांगताहेत की पश्चात्ताप करा. म्हणजे नक्की करायचं काय?

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मी कॅथलिक रीत धरून लिहितोय, कारण वसईत, मुंबईत आणि गोव्यात नवख्या माणसाची गाठ बहुतेक तिच्याशीच पडते. प्रॉटेस्टंट मंडळींमध्ये काय वेगळं असतं तेही पुढे येईल.

एक मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. आगमनकाळातला पश्चात्ताप ही मनाची अवस्था कमी आणि करायच्या कामांची यादी जास्त असते. डोळ्यांत पाणी आलं नाही तरी चालतं. उसने घेतलेले पैसे परत गेले नाहीत, तर चालत नाही.

आधी कॅलेंडर काढा

३० नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा सण. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कुठेही पडतो आणि आगमनकाळ कधी २८ दिवसांचा होतो, कधी २२ दिवसांचा. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला. २०२८ मध्ये तो थेट ३ डिसेंबरला येतो, आणि चौथा रविवार पडतो २४ डिसेंबरला. म्हणजे सकाळी आगमनकाळाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रात्री नाताळची. त्या वर्षी चौथा आठवडा असा काही हाती लागणारच नाही, तेव्हा कामं शेवटावर ढकलू नका.

याच दिवशी चर्चचं नवं वर्षही सुरू होतं. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं : एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. २०२६ च्या आगमनकाळापासून मार्क, २०२७ पासून लूक.

चर्चमध्ये पहिल्या रविवारी गेलात की दोन गोष्टी लगेच जाणवतील. फादरांचा झगा जांभळा असेल आणि 'ग्लोरिया' म्हटलं जाणार नाही. ते गीत म्हणजे बेथलेहेमजवळच्या मेंढपाळांना देवदूतांनी ऐकवलेलं गाणं, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. आलेलुया मात्र चालू असतो. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधी, तोही बंद होतो. दोन्ही काळ जांभळे असले तरी त्यांचा सूर एक नाही, हे त्यावरून ओळखावं. उपवासकाळात आपण क्रुसाकडे जात असतो. आगमनकाळात कुणीतरी आपल्याकडे येत असतो आणि आपण घर आवरत असतो.

आता कॅलेंडरवर तीन खुणा करा. पहिली, तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये, सामुदायिक प्रायश्चित्त विधी कधी आहे ती तारीख. साधारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात असतो, आजूबाजूचे धर्मगुरू मदतीला येतात. नोटीस बोर्डावर नसेल तर ऑफिसात विचारा. दुसरी, ८ डिसेंबर, मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. तिसरी, १६ डिसेंबर, नाताळच्या नोव्हेनाचा, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा, पहिला दिवस.

गोव्यातल्या वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. तिथे आगमनकाळ जुन्या गोव्यातल्या सायबाच्या फेस्ताला चिकटूनच येतो. संत फ्रान्सिस झेवियरचा नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होतो, फेस्त ३ डिसेंबरला, आणि पणजीच्या चर्चचं फेस्त ८ ला. जत्रेतून थेट जांभळ्या रंगात शिरणं नवख्याला चमत्कारिक वाटतं. पण नोव्हेनाला जाणारच असाल तर तिथूनच तयारीला लागा, वेगळा मुहूर्त शोधू नका.

पहिला आठवडा : एक जागा, एक वेळ

या आठवड्यात मोठं काही करायचं नाही. घरात एक जागा ठरवायची आणि दिवसातली दहा मिनिटं ठरवायची.

जागेसाठी बऱ्याच घरांत आगमनकाळाचं मेणबत्त्यांचं कडं ठेवतात. ही रीत फार जुनी नाही आणि मुळात कॅथलिकही नाही. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचे लुथरन पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी १८३९ मध्ये लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या : रविवारांसाठी मोठ्या, इतर दिवसांसाठी छोट्या, आणि रोज एक वाढवत पेटवायची. पुढे छोट्या गळाल्या आणि चार उरल्या. आता तीन जांभळ्या व एक गुलाबी अशी मांडणी सर्रास दिसते. गुलाबी तिसऱ्या रविवारची.

विकतचं कडं आणायची काही गरज नाही. स्टीलचं ताट, त्यात थोडी ओली वाळू, कडेने अशोकाची किंवा हाताशी असेल त्या झाडाची पानं, आणि वाळूत रोवलेल्या चार मेणबत्त्या. जांभळ्या मेणबत्त्या बाजारात मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना जांभळी फीत बांधा. पानं चार दिवसांत वाळतात आणि वाळलेलं पान भसकन पेट घेतं, म्हणून ती दर रविवारी बदलायची. आणि मेणबत्ती लावताना पंखा बंद करायचा. हे सांगायला लागू नये, पण आपल्याकडे डिसेंबरातही पंखा गरगरत असतो. ज्योत एका बाजूला झुकते, मेण ओघळून टेबलक्लॉथवर उतरतं, आणि सगळी प्रार्थना ते खरवडण्यात जाते.

वेळेचं म्हणाल, तर रात्रीच्या जेवणाआधीची बरी. सगळे घरात असतात आणि भुकेमुळे कुणी लांबण लावत नाही. त्या दिवशीच्या मिस्सेचं पहिलं वाचन वाचा. आगमनकाळात ते बहुतेक वेळा यशया संदेष्ट्याचं असतं : तलवारी ठोकून नांगराचे फाळ, रानातून निघणारा राजमार्ग, कोरड्या जमिनीवर फुललेली फुलं. एकाने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, मग दोन मिनिटं कुणीच बोलू नये. ही दोन मिनिटंच अवघड असतात. मोबाईलवरून वाचत असाल तर त्याला आधी विमान मोडवर टाका, नाहीतर यशयाच्या मध्येच कुरिअरवाल्याचा निरोप येतो.

एकटे राहत असाल, पीजीत असाल, मेणबत्ती लावायला मनाई असेल, तर नुसतं वाचन करा. कड्यावाचून काही अडत नाही.

दुसरा आठवडा : योहानाला विचारा

आता मुख्य काम.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी उपदेशपीठावरून बाप्तिस्मा करणारा योहान बोलतो. उंटाच्या केसांचं वस्त्र, कमरेला कातडी पट्टा, खाणं टोळ आणि रानमध. नाताळच्या भेटकार्डावर हा माणूस कधी दिसत नाही, आणि का ते त्याचं बोलणं ऐकलं की कळतं. तुमच्याकडे यंदा कुठलंही शुभवर्तमान वाचलं जात असो, लूकचा तिसरा अध्याय उघडा आणि दहाव्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत वाचा.

लोक योहानाला विचारतात, मग आम्ही करावं तरी काय? त्याने त्यांना मंदिरात जायला सांगितलं नाही, अंगाला राख फासायलाही सांगितलं नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा; अन्नाचंही तसंच. जकातदारांना सांगितलं, ठरवून दिलंय त्याहून जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगितलं, दमदाटी करून कुणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात भागवा. त्याने जकातदाराला जकात सोड म्हटलं नाही, शिपायाला तलवार टाक म्हटलं नाही. जिथे उभे आहात तिथलाच व्यवहार सरळ करा, एवढंच.

आत्मपरीक्षणासाठी बाजारात आणि चर्चच्या दारात दहा आज्ञांवर बेतलेल्या प्रश्नावल्या मिळतात. त्या चांगल्या आहेत. पण नवख्या माणसाचं त्यात एक होतं : तो 'मी खोटं बोललो का' वाचतो, 'हो, कधीकधी' म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाला जातो. कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला, गेल्यावर सांगतो, 'फादर, खोटं बोललो, राग केला, प्रार्थना चुकवली.' शाळेतल्या पोराची यादी चाळिशीतही तीच. म्हणून मी सुचवेन की योहानाची तीन उत्तरं घ्या आणि कागदावर तीन रकाने आखा.

पहिला रकाना, माझ्याकडे जास्तीचं काय आहे. यात कपाटातले कपडे येतातच, पण वेळही येतो. म्हाताऱ्या आईवडिलांकडे शेवटचं निवांत कधी बसलात? बंद पडलेला फ्लॅट, पडून असलेली शेतजमीन, कुणाला तरी उपयोगी पडेल अशी ओळख, हे सगळं दुसरा अंगरखाच.

दुसरा रकाना, ठरल्याहून जास्त कुठे घेतलं, किंवा ठरलेलं कुठे दिलं नाही. इथे घाई करू नका. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार किती वर्षांपूर्वी वाढवला? त्या आजारी पडल्या तेव्हा खाडे कापले का? भाडेकरूचं डिपॉझिट रंगाच्या नावाखाली किती कापलं? वसईच्या वाड्यांमध्ये आणि कोकणात ख्रिस्ती घरांतलीही निम्मी भांडणं बांधावरून नि सातबाऱ्यावरून असतात, तेव्हा बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या कशा घेतल्या हेही लिहा. कागद कुणी बघणार नाही.

तिसरा रकाना, माझा जोर मी कुणावर वापरला. ऑफिसातला हाताखालचा माणूस, सून, पोरं, सोसायटीचा वॉचमन. खोटा आळ म्हणजे कोर्टातली खोटी साक्षच असते असं नाही. खातरजमा न करता एखाद्या समाजाबद्दलचा मेसेज पाच ग्रुपांवर ढकलला, तोही त्यातलाच.

हे एका बैठकीत उरकू नका. कागद दोन-तीन दिवस उशाशी राहू दे. रात्री आठवतं ते दिवसा आठवत नाही.

कन्फेशनच्या आधी दाराची बेल

कागद भरला की लोक थेट कन्फेशनला धावतात. माझ्या मते मध्ये एक पायरी आहे, आणि ती गाळली तर बाकीचं सगळं तोंडदेखलं होतं. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय : वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. क्रम त्याने लावून दिलाय. आणि जक्कय जकातदाराने नुसती माफी मागितली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असा हिशेबच मांडला.

तेव्हा कागदावरच्या ज्या गोष्टी भरून देता येतात त्या निवडा. सगळ्या नाही, एक किंवा दोन. पैशाची असेल तर पैसे द्या, आणि देताना भाषण देऊ नका. माणूस हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्या, तेही सापडत नसतील तर गरिबांना.

शब्दांची असेल तर भेटा, निदान फोन करा. अडतं ते बोलण्यापाशी. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' ही माफी नव्हे, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. असं म्हणा : 'दादा, गणेशच्या लग्नात वहिनीसमोर मी जे बोललो ते चुकीचं होतं. मला माफ कर.' काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, 'पण' हा शब्द येऊ द्यायचा नाही आणि थांबायचं. समोरून शिव्या आल्या तर ऐकून घ्यायच्या. त्याने माफ करायलाच हवं असा काही करार नसतो. तुमच्या वाटणीचं तुम्ही केलंत.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. ज्या माणसाने तुम्हाला मारहाण केली, छळलं, अशाच्या दारात 'समेट' म्हणून जाऊ नका, आणि कुणी आगमनकाळाच्या नावाने तसं जायला भाग पाडत असेल तर ऐकू नका. मनातला सूड सोडणं वेगळं आणि मार खायला परत जाणं वेगळं. तक्रार केली असेल तर ती मागे घेणं हे क्षमेचं लक्षण नाही. अशा वेळी समंजस धर्मगुरूशी किंवा सिस्टरशी बोला.

कन्फेशन, ज्याला घरी कुमसार म्हणतात

वर्षानुवर्षं न गेलेल्या माणसाला याचीच धास्ती असते, म्हणून सावकाश सांगतो.

बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकाने गंभीर पापांचं निवेदन वर्षातून एकदा तरी करावं असा चर्चचा नियम आहे. वसईत सामुदायिक विधी असतो तेव्हा आधी गीत, वाचन, छोटं प्रवचन आणि सगळ्यांनी मिळून आत्मपरीक्षण होतं. मग चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यांत धर्मगुरू बसतात आणि रांगा लागतात. ज्या रांगेत शिरायचं त्यात शिरा. ओळखीचे फादर नको असतील तर पाहुण्या फादरांकडे जा, त्यात कुणालाही वावगं वाटत नाही. समोरासमोर बोलायचं नसेल तर जाळीमागून बोलायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त सामुदायिक विधीत जाळी नसते बऱ्याचदा, खुर्चीला खुर्ची लावलेली असते. संकोच वाटत असेल तर शनिवारी संध्याकाळच्या नेहमीच्या वेळेला कन्फेशन बॉक्सशी जा.

गुडघे टेकले की क्रुसाची खूण करा आणि सरळ सांगा : 'फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटचं कन्फेशन होऊन पंधरा वर्षं झाली. पुढे कसं करायचं ते मला आठवत नाही.' हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. पुढची जबाबदारी त्यांच्यावर जाते, आणि बहुतेक धर्मगुरू अशा माणसाला हाताला धरून नेल्यासारखं नेतात.

मग कागदावरचं सांगा. गंभीर असेल ते नाव घेऊन आणि साधारण किती वेळा तेही. सविस्तर गोष्ट सांगू नका. नवऱ्याचं, सासूचं, शेजाऱ्याचं पाप तर मुळीच सांगू नका. कन्फेशनच्या रांगा लांबतात त्या याच्यामुळे. कागद हातात असला तरी चालतो. फादर दोन शब्द सांगतील, प्रायश्चित्त देतील : एखादी प्रार्थना, एखादं वाचन, कधी एखादं कृत्य. दिलेलं समजलं नाही किंवा करणं शक्य नसलं तर तिथेच सांगा, ते बदलून देतात. मग पश्चात्तापाची प्रार्थना. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा : देवा, मला वाईट वाटतंय, तुझ्या कृपेने पुन्हा तसं करणार नाही. त्यानंतर फादर हात उंचावून क्षमेचे शब्द म्हणतात, आणि तुम्ही 'आमेन' म्हणायचं. सगळं पाच मिनिटांत होतं.

ऐकलेलं धर्मगुरूला कुणालाही, कधीही सांगता येत नाही. पोलिसांना नाही, बिशपांना नाही, तुमच्या बायकोला नाही. थेट गुप्तता मोडणारा धर्मगुरू चर्चच्या कायद्याने आपोआप बहिष्कृत होतो.

घरी आलात की कागद फाडा. जाळायचं नाटक करायची गरज नाही, फक्त बारीक तुकडे करा. पोरांच्या हाती लागला तर नसती पंचाईत.

बाप्तिस्मा झालेला नसेल तर हा संस्कार घेता येत नाही आणि कम्युनियनही (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेता येत नाही. मिस्सेला मात्र खुशाल या. इतर लोक कम्युनियनला उठतात तेव्हा बाकावर बसून राहिलात तरी कुणी बघत नाही. बऱ्याच ठिकाणी हात छातीशी घडी करून पुढे गेलात तर फादर आशीर्वाद देतात, फक्त आधी विचारून घ्या. कागद तयार करणं आणि दाराची बेल वाजवणं या दोन्हीला बाप्तिस्म्याची अट नाही. आणि फादरांशी नुसतं बोलायचं असेल तर ऑफिसच्या वेळेत कुणीही भेटू शकतं.

सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळींत

तिथे एकेकट्याने पाळकांकडे जाऊन कबुली देण्याची सक्ती नाही. उपासनेच्या सुरुवातीला किंवा प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी मिळून पापकबुली म्हणते आणि पाळक क्षमेचं आश्वासन देतात. तोंडपाठ असल्यामुळे ती पटकन उरकते. म्हणून रविवारी दहा मिनिटं आधी जाऊन बाकावर आपला कागद मनातल्या मनात वाचा, मग ते सामुदायिक शब्द आपोआप जागेवर बसतात. मनावर ओझं असेल तर पाळकांशी खासगीत बोलता येतं. पेंटेकॉस्टल आणि काही इव्हँजेलिकल मंडळ्या आगमनकाळ पाळत नाहीत. तुम्ही तिथले असाल तर घरच्या घरी लूकचा तिसरा अध्याय आणि तीन रकाने एवढं केलंत तरी मुख्य भाग झाला.

उपवास करायचा का?

लॅटिन रीतीच्या कॅथलिकांना आगमनकाळात उपवासाची सक्ती नाही. शुक्रवारचा संयम (मांस टाळणं) वर्षभर असतो, तेवढाच. पण सवय जुनी आहे. पाचव्या शतकात तूर शहराचे बिशप पेर्पेतुउस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास लावून दिला होता. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस अजून चाळीस दिवस पाळतात. आणि तुमच्या इमारतीत केरळी सिरियन ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांना विचारा : १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवस मांस-मासळी बंद. सायरो-मलबार या केरळी कॅथलिक चर्चचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला, तेव्हा मुंबई-पुण्यात हे शेजारी दुर्मीळ नाहीत.

नवख्याने पंचवीस दिवसांच्या फंदात पडू नये. आठवड्यातून एक दिवस, समजा बुधवार, एक जेवण सोडा किंवा साधं करा, आणि वाचलेले पैसे डब्यात टाका. डबा महत्त्वाचा. पैसे कुठे गेले नाहीत तर तो उपवास नुसता डाएट होतो. तिसऱ्या रविवारनंतर तो डबा धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या माणसाकडे द्या. गरजू घरं कोणती हे त्यांना ठाऊक असतं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही संस्था आपल्याकडच्या बऱ्याच चर्चमध्ये गाजावाजा न करता काम करत असते.

तिसरा रविवार आनंदाचा. गुलाबी मेणबत्ती, कुठेकुठे गुलाबी झगाही. त्या दिवशी उपवास नाही, उलट काहीतरी गोड करा.

१७ डिसेंबरनंतर

इथून चर्चचा सूर बदलतो. आतापर्यंतची वाचनं जगाच्या शेवटाकडे आणि योहानाकडे होती. आता मारिया, योसेफ आणि योहानाचे आईवडील जखऱ्या नि अलीशिबा येतात. १७ ते २३ तारखेपर्यंत संध्याकाळच्या प्रार्थनेत 'हे ज्ञाना', 'हे इशायाच्या अंकुरा', 'हे उगवत्या प्रभाता' अशा सात हाका असतात, रोज एक. नोव्हेनाला गेलात तर त्या कानावर पडतील.

करंज्या, कुळकुळ, दोदोल यांचा घाणा आता सुरू होतो, आणि घरातल्या बायकांना प्रार्थनेला वेळच उरत नाही. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे पुरुषांनी कुळकुळ वळायला बसावं. काट्यावर किंवा नव्या कंगव्यावर पिठाची गोळी दाबून वळवायची असते, दहा वर्षांच्या पोरालाही येतं. सगळे एकत्र बसले की एकाने वाचन वाचावं.

गोठ्याचंही काम याच दिवसांत. गोठ्यात हिरवळ हवी असेल तर पसरट भांड्यात माती घेऊन गहू किंवा नाचणी आठ-दहा दिवस आधी पेरा, रोज पाणी शिंपडा, नाताळपर्यंत बोटभर कोवळे कोंब येतात. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नका, जागा रिकामीच राहू दे. आणि गोठ्यांच्या स्पर्धेत भाग घेणार असाल तर परीक्षकांवर रागावून नाताळच्या सकाळी आळीत अबोला धरू नका. दुसऱ्या आठवड्यातला कागद नव्याने काढायला लागतो.

राहून गेलं तर

२४ तारखेच्या रात्री मिस्सेच्या आधी कन्फेशन मिळेल या भरवशावर राहू नका. फादर त्या वेळी वेदीसेवक, गायकवृंद आणि माइकवाला यांच्यात अडकलेले असतात. २३ च्या आत जाऊन या. नाहीच जमलं, गंभीर काही मनावर असलं, तर त्या रात्री कम्युनियन न घेता मिस्सा ऐका, बाळाचं दर्शन घ्या, आणि सणाची गर्दी ओसरली की फोन करून वेळ मागा. तेव्हा रांगाही नसतात आणि फादरांनाही उसंत असते.

दाराची बेल राहिली असेल तर तिला तर नाताळच बरा. करंज्यांचा डबा घेऊन गेलात की दार उघडतंच, आणि नाताळचा काळ २५ ला संपतही नाही. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, तो चालतो. फक्त माफी आधी मागा, डबा नंतर पुढे करा.